वर्षावर एक दिवस

“डुक्कर?” आण्णांनी भाकरीचा घास आमटीत बुडवला होता, तो तसाच वर धरला. “कॉलेजच्या स्टेजवर?”

“जिवंत नाही, आण्णा. खारवलेलं. आणि अर्धंच.”

हे मी बोलायला नको होतं. आमचं जैनाचं घर. चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असत. आण्णा, म्हणजे भूपाल पाटील, गावातल्या जैन मंदिराच्या कमिटीवर होते. आईनं पळी पातेल्यात ठेवली आणि भिंतीवरच्या महावीरांच्या कॅलेंडरकडं बघितलं.

“कुणी सांगितलं तुला असलं नाटक करायला?”

“कुणी नाही. मीच लिहिलंय.”

“मग तर झालंच,” आण्णा म्हणाले.

खरं तर आदल्या दिवसापासून मी आण्णांशी बोलत नव्हते. पण डुकराचा विषय निघाल्यावर अबोला धरून भागणार नव्हतं. गोष्ट एक्क्याऐंशी सालच्या जानेवारीतली. मी चोवीस वर्षांची होते आणि तालुक्याच्या कॉलेजात दोन वर्षं इंग्रजी शिकवत होते. आमच्या गल्लीत एम. ए. झालेली पहिली मुलगी मीच, आणि तेही असल्या विषयात की लोक विचारायचे, “त्याचा उपयोग काय?” सहा-सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडात लोक एकमेकांना ज्या गोष्टी सांगायचे, त्या मी पोरींना शिकवायचे. त्यांत सरदार होते, पिठाच्या गिरणीचे मालक होते, तीन-तीन नवरे पचवलेल्या विधवा होत्या. आणि गोष्ट कुठूनही सुरू झाली तरी शेवटी येऊन थांबायची ती एकाच प्रश्नावर, की घरात चालतं कुणाचं. लिहिणारे बहुतेक मठातले, ज्यांना बायकोच नव्हती. त्यामुळं त्यांना सगळं ठाऊक होतं.

“आण्णा, आधी ऐका तर,” मी म्हटलं. “इंग्लंडात एका गावी जुनी चाल होती. लग्न झाल्यावर एक वर्ष आणि वर एक दिवस ज्या नवरा-बायकोला, जागेपणी किंवा झोपेत, आपण हे लग्न केलं याचा एकदाही पस्तावा झाला नाही, त्यांनी मठात यायचं. दोन टोकदार दगडांवर गुडघे टेकून शपथ घ्यायची. शपथ खरी ठरली की मठाकडून बक्षीस.”

“डुक्कर.”

“अर्धं. त्यांच्याकडं ते मोठं बक्षीस.”

आण्णांनी घास तोंडात टाकला. त्यांना गोष्ट आवडली होती. गोष्ट आवडली की ते सावकाश चावायचे. “वर्षावर एक दिवस का?”

“वर्षभर कुणीही दम धरतं. खरं काय ते दुसऱ्या दिवशी कळतं.”

आई भाकरी उलटत म्हणाली, “बायकोलापण विचारायचे?”

“हो. दोघांनाही.”

“आधी कुणाला?”

हे मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. पण शिकवणाऱ्या माणसाला ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटते, आणि तेव्हा तर फारच वाटायची.

“आधी बायकोला,” मी ठोकून दिलं.

आईनं मान हलवली आणि भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर उभी केली.

“डुक्कर चालणार नाही,” आण्णा म्हणाले. “गूळ ठेव. गुऱ्हाळ चालूच हाय आपलं. तीस किलोची ढेप देतो मी.” बाजारात आमच्याकडं तिला रवा म्हणतात, पण पुण्याकडच्यांना त्यात शिरा दिसतो म्हणून मी आपली ढेपच म्हणते. “पहिल्या प्रतीची. पिवळी धमक. आणि सांगून ठेवतो, ती घरीच परत यायची.”

“कशी काय?”

“सव्वीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. तुझ्या आईला विचार, कधी पस्तावा झाला का ते.”

मी आईला विचारलं नाही. ती भाकऱ्या मोजून टोपलीत ठेवत होती आणि मला कॉलेजला उशीर होत होता.

आता अबोल्याचं कारण. आदल्या दिवशी, रविवारी, कुरुंदवाडचे मगदूम मला बघायला आले होते. मुलगा जिनदत्त, वीज मंडळात इंजिनियर. त्याच्याबरोबर त्याचे आई-वडील. बघण्याचे कार्यक्रम मी त्याआधी तीन केले होते आणि तिन्ही वेळा मला ‘स्वयंपाक येतो का’ नि ‘भजन येतं का’ एवढंच विचारलेलं. या मुलानं विचारलं, “सध्या वर्गात काय शिकवताय?” मी त्याला तीच दगडांची आणि डुकराची गोष्ट सांगितली. मगदूम काकींनी पदर तोंडाला लावला, पण तो हसला.

“आणि जे हरायचे त्यांचं काय व्हायचं?” त्यानं विचारलं.

“काय होणार. चालत घरी जायचे.”

“एकत्र?”

“गाव एकच, घर एकच. एकत्रच जाणार.”

“मग हरलेल्यांची गोष्ट जास्त चांगली आहे,” तो म्हणाला.

दोन वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं एवढं शहाणं वाक्य काढलं नव्हतं. मी आत गेले तेव्हा माझे कान गरम झाले होते. कुणी आवडण्याची चौथी-पाचवी खेप असती तर लपवलं असतं, पण पहिल्यांदाच मला कुणी आवडलं होतं, आणि ते मला फार आवडलं.

तासाभरानं पाहुणे गेले. आण्णा मिशीवर हात फिरवत माजघरात आले. “ठरलं. पुढल्या रविवारी सुपारी फोडायची. आणि हे बघ, मार्चनंतर नोकरी बंद. राजीनामा लिहून ठेव.”

“का?”

“लग्नानंतर नोकरीबिकरी नाही. तसं बोलणं झालंय.”

“मला कुणी विचारलं?”

“तुला सांगतोय की आता.”

“सांगणं वेगळं आणि विचारणं वेगळं, आण्णा.”

“एकच असतंय. शब्दाचा खेळ करू नगंस.”

आई पोह्यांच्या बशा गोळा करत होती. मी तिच्याकडं वळले. “आई, तू काहीच बोलत नाहीस.”

“जेवून घे,” आई म्हणाली.

मला तिचा इतका राग आला की मी खरंच जेवले नाही. जिनदत्त मगदूमचाही राग आला. वर्गात काय शिकवता म्हणून गोड विचारायचं आणि मागनं शिकवणं बंद करायची अट घालायची. हरलेल्यांची गोष्ट म्हणे. रात्री मी राजीनामा लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. तो दुसरा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सुपारीच्या आधी तो प्राचार्यांना द्यायचा किंवा लग्नाला नाही म्हणायचं, दोन्हीतलं एक. शनिवारी गॅदरिंग होतं. तोवर नाटक करायचं आणि मग काय ते ठरवायचं, असं मी मनाशी म्हटलं.

गॅदरिंगची वेळ दुपारी तीनची होती, म्हणजे खेड्यांवरच्या पोरींना दिवसाउजेडी घरी जाता यावं. कॉलेजच्या मैदानात मांडव घातला होता. डाव्या बाजूला पुरुष, उजव्या बाजूला बायका, पुढं पाहुण्यांच्या खुर्च्या. स्टेजच्या मधोमध टेबलावर आण्णांची ढेप. पोरांनी तिला झेंडूची माळ घातली होती. खाली पंचगंगेतनं आणलेले दोन दगड. ते चांगले अणकुचीदार मिळावेत म्हणून माझ्या पोरी सकाळभर नदीवर होत्या.

शपथ घेणाऱ्या मठाच्या महंताचं काम मीच करत होते, कारण पोरं पाठांतराला कच्ची. वकिलांचा काळा झगा मागून आणला होता आणि कापसाची दाढी चिकटवली होती. इंग्लंडातल्या त्या मठांतले लोक दाढी करून गुळगुळीत राहायचे, पण दाढीशिवायचा महंत आमच्या तालुक्यात कुणी मानला नसता. पडद्याच्या फटीतून बघितलं तर पहिल्या रांगेत आण्णा आणि त्यांच्या शेजारी मगदूम बाप-लेक. आण्णांनीच त्यांना बोलावलं होतं, लेकीचं कौतुक दाखवायला. ज्या नोकरीचा राजीनामा पर्समध्ये होता, तिचंच कौतुक. आई बायकांच्या बाजूला, मगदूम काकींच्या जवळ बसली होती. जिनदत्त पडद्याकडंच बघत होता. त्याचा चेहरा काही हसरा नव्हता.

‘असू दे,’ मी म्हटलं आणि घंटा दिली.

नाटक फक्कड चाललं. नसीम मुल्ला नावाची एफ. वाय.ची पोरगी दवंडीवाली झाली होती; तिच्या आवाजाला माइक लागत नव्हता. पहिलं जोडपं आलं, गुडघे टेकले. बायकोनं शपथ घेतली आणि नवरा म्हणाला, “मला पस्तावा कसा होणार? मी वर्षभर जहाजावर होतो.” दुसऱ्या जोडप्यात कोण कमी पस्तावलं यावरून तिथंच भांडण जुंपलं. तिसऱ्यातला नवरा बायकोच्या तोंडाकडं बघून बघून उत्तर देत होता. तिन्ही जोडप्यांना मी दाढी खाजवत बाहेर काढलं. शेवटी ढेप तशीच राहते, महंत प्रेक्षकांना नमस्कार करतो आणि पडदा, असं माझं नाटक होतं.

पण नसीमच्या अंगात आलं होतं. तिनं डफ वाजवला आणि लिहिलेलं नव्हतं ते ठोकून दिलं. “ऐका हो ऐका. ढेप शिल्लक हाय. मांडवात कुणी जोडपं हाय काय असं?”

“हाय की,” पहिल्या रांगेतून आवाज आला.

आण्णा उठले होते. फेटा सारखा करत ते बायकांच्या बाजूला गेले. “चल गं,” ते आईला म्हणाले. आई नको नको म्हणेपर्यंत बायकांनीच तिला उठवलं. मांडवात एकच हशा. प्राचार्य टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा पडदा पाडायचा प्रश्नच मिटला.

आण्णांनी धोतर सावरून दगडावर गुडघे टेकले आणि त्यांच्या तोंडून “आई गं” असं निघालं. लोक पुन्हा हसले. आई न बोलता टेकली. पदर नीट घेतला आणि समोर बघत राहिली, म्हणजे माझ्याकडं. काळ्या झग्यात, कापसाच्या दाढीत मी तिच्यासमोर उभी होते, आणि तिला विचारायचं होतं मला.

“आधी बायकोला,” मी म्हटलं. “बाई, नाव सांगा.”

“राजमती भूपाल पाटील.”

“राजमतीबाई, तुम्हाला तुमच्या लग्नाचा, जागेपणी किंवा झोपेत, कधी एकदा तरी पस्तावा झाला का?”

“नाव घे, नाव घे,” उजवीकडून बायकांनी गलका केला. आईनं हसून खाली बघितलं, आणि तिला उखाणा सुचायला वेळ लागतो कुठं?

“काहिलीत उकळतो रस, चुलवाणात जाळ,
भूपालरावांच्या संगतीत गोड गेला काळ.”

मांडव टाळ्यांनी दणाणला. गुऱ्हाळवाल्याच्या बायकोला शोभेलसा उखाणा. आण्णांनी तर एक गुडघा दगडावरून उचललासुद्धा. ढेपेकडं जायची घाई. एवढ्यावर मला थांबता आलं असतं. ढेप दिली असती, पडदा पडला असता, सगळे हसत घरी गेले असते. पण पर्समधला कागद मला दिसत होता. आणि सहा दिवसांपूर्वीचं ते ‘जेवून घे’.

“उखाणा चालत नाही,” मी म्हणाले. “उखाण्यात सगळ्याच बायका सुखी असतात. सरळ सांगा. पस्तावा झाला, की नाही झाला?”

टाळ्या थांबल्या. आण्णा उचललेला गुडघा पुन्हा टेकत हळूच म्हणाले, “त्रिशले, पुरे की.”

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लहानपणी मी पाढा चुकले की ती तशी बघायची, पुन्हा म्हण म्हणून.

“एकदा,” ती म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. आण्णा मान वळवून तिच्याकडं बघायला लागले.

“कधी?” मी विचारलं.

“मागच्या रविवारी. सकाळी साडेदहाच्या सुमाराला. पोह्यांच्या बशा घेऊन मी बाहेर आले तेव्हा.”

“काय झालं तेव्हा?”

“पाहुण्यांनी काही मागितलं नव्हतं,” आई सावकाश, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलत होती. “कसली अट घातली नव्हती. हेच आपणहून म्हणाले, ‘लग्नानंतर पोरगी नोकरी करणार नाही, काळजी नको.’ लेकीला विचारलं नाही. मला विचारलं नाही. माझ्या हातात बशा होत्या. मला वाटलं, कुणाशी लग्न केलं मी.”

“अगं, नंतर सांगितलं की मी,” आण्णा म्हणाले.

“सांगितलं. विचारलं नाही.”

उजव्या बाजूला आधी एक टाळी वाजली. मग दुसरी, आणि मग सगळ्या बायका. उखाण्याला वाजल्या होत्या त्यापेक्षा जोरात. सहा दिवस आई हे पोटात घेऊन भाकऱ्या करत होती. आणि मी तिला ‘तू काही बोलत नाहीस’ म्हणाले होते, ‘काय झालं’ असं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. माझीही गत आण्णांचीच.

तेवढ्यात बायकांच्या पुढच्या रांगेत मगदूम काकी उभ्या राहिल्या. चांगल्या धिप्पाड बाई. “बरं झालं बोललात, राजमतीबाई. आम्हीच कोड्यात होतो. एवढी शिकलेली पोरगी, आणि बाप म्हणतोय नोकरी नाही करायची. आम्ही म्हटलं, मुलीलाच कंटाळा असंल. आपण कशाला गळ घाला.”

“मलाही तेच वाटलं,” जिनदत्त म्हणाला. तोही उठला होता. मांडवात हजारभर माणसं होती याचं त्याला भान होतं असं दिसलं नाही. “म्हटलं, ज्या गोष्टी इतक्या रंगून सांगतात त्या यांना नकोच झाल्यात. मी रविवारपासून नाराज आहे.”

म्हणजे तो चेहरा त्यासाठी होता. दाढीच्या आत मला हसू फुटलं, आणि रडूही, आणि कापूस तोंडात जाऊन मी खोकायलाच लागले.

आण्णा अजून दगडावरच होते. तालुक्यात आण्णांना कुणी असं गुडघ्यावर बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता उठतील, फेटा झटकतील आणि तडक घरी जातील. मग ना सुपारी, ना काही. त्यांनी एकदा मगदूमांकडं बघितलं, एकदा आईकडं.

“मला वाटलं, पोरगी चोवीसची झाली,” ते म्हणाले. आवाज उतरला होता. “हातचं स्थळ जाऊ नये म्हणून, त्यांनी विचारायच्या आत आपणच सांगून टाकावं.”

“कळतं ते मला,” आई म्हणाली. “म्हणून एकदाच.”

आण्णांनी गुडघा चोळत माझ्याकडं वर बघितलं. “त्रिशला. आता विचारतो. हे स्थळ तुला पसंत हाय काय?”

बघण्याच्या कार्यक्रमात मुलीनं मान खाली घालायची असते. मी महंत होते, मला ती सोय नव्हती. दाढी काढावी म्हटलं तर डिंक पक्का होता.

“मुलगा पसंत आहे,” मी दाढीसकट म्हणाले. “राजीनामा पसंत नाही.”

“मग फाड तो,” आण्णा म्हणाले.

नसीमनं डफावर अशी थाप मारली की पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. पोरांनी टोप्या उडवल्या. प्राचार्य, ज्यांना या राजीनाम्याचा पत्ताही नव्हता, ते शेजारच्याला विचारत होते, “कसला राजीनामा? कुणाचा?” मगदूम काकी स्टेजच्या पायऱ्या चढून आल्या आणि आईला हाताला धरून उठवलं. आण्णांना उठायला दोघं लागले.

“ढेपेचं काय, महंत?” नसीम ओरडली.

नियम म्हणजे नियम. “एकदा पस्तावा झालेला आहे,” मी म्हटलं. “ढेप मिळत नाही.”

आण्णांनी आपल्याच गुऱ्हाळाच्या ढेपेकडं असं बघितलं की माझं मन द्रवलं. मग त्यांनी मला जे विचारलं ते इंग्लंडातल्या कुठल्या नवऱ्याला सुचलं असेल असं मला वाटत नाही.

“आजपासून मोजायला चालतं का?”

मी आईकडं बघितलं. आईनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली.

“चालतं,” मी म्हणाले. “तोवर ढेप राजमतीबाईंच्या ताब्यात.”

दुसऱ्या दिवशी सुपारी फुटली, एप्रिलात लग्न झालं. जूनमध्ये मी कुरुंदवाडहून बसनं कॉलेजला जायला लागले. मला पहिला पस्तावा लग्नानंतर एकोणिसाव्या दिवशी झाला, ओल्या टॉवेलावरून. तो मी जिनदत्तना तिथल्या तिथं सांगितला. ते म्हणाले, “झालं. आपण हरलो. चला आता निवांत.” तेव्हापासून आम्ही हरलेल्यांच्या गोष्टीतच आहोत.

तिकडं माहेरी काय चाललं होतं ते आई पत्रात कळवायची. आण्णा उठसूट विचारायला लागले होते. ऊस कधी तोडू, पावण्यांना किती दिवस ठेवू, मंदिराच्या कमिटीत काय बोलू. आई वैतागून लिहायची, ‘काल मला विचारलं, शेतावर जाऊ का. मी म्हटलं, जावा की, मी कुठं धरलंय.’ पण ते वैतागणं मला वाचताना गोड लागायचं. ढेप तिनं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. पावसाळ्यात तिला पाणी सुटलं तेव्हा आण्णा दिवसातून दोनदा वर चढून बघत होते.

पुढल्या जानेवारीत, वर्षावर एक दिवस धरून बरोबर रविवार आला. आम्ही दोघं माहेरी गेलो. मगदूम काकी, म्हणजे आता माझ्या सासूबाई, आमच्याकडच्या भाषेत आत्ती, त्याही आल्या. नसीमला मी मुद्दाम बोलावलं होतं. दुपारची जेवणं झाल्यावर आण्णांनी माजघरात ढेप आणून ठेवली. काळपट तांबडी झाली होती, पण वास अजून ताज्या काहिलीचा. गुडघ्यामुळं त्यांना खाली बसवत नव्हतं. ते पाटावर बसले आणि समोर आई.

“राजमती,” ते म्हणाले. आईला नावानं हाक मारलेली मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. “वर्ष झालं. वर एक दिवस झाला. जागेपणी, झोपेत, कधी पस्तावा?”

“झोपेतलं मला काय माहीत,” आई म्हणाली. “घोरता तुम्ही, मला झोप लागते कुठं?”

“जागेपणी?”

आईनं थोडा वेळ खरोखरच विचार केला. आण्णांनी मिशी चावली. जिनदत्तनी माझा हात धरला होता तो घट्ट केला.

“नाही,” ती म्हणाली. “उखाणा न घेता सांगते. नाही.”

आण्णांनी फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं आणि मग ते खूप वेळ पुसतच राहिले.

आईनं परसातून लोखंडी बत्ता आणला, पदर खोचला आणि ढेपेच्या मधोमध घातला. ढेप फुटली. आतला गूळ अजून पिवळाधमक होता. पहिला खडा तिनं आण्णांच्या हातावर ठेवला, मग दारापर्यंत आलेल्या गल्लीतल्या बायकांना बोलावलं, पाट्या भरल्या, नसीमच्या ओंजळीत मावेना इतका गूळ घातला, माझ्या आत्तींची पिशवी भरली. आण्णा मध्येच म्हणाले, “अगं, मंदिरासाठी थोडा—” आणि गप्प बसले. कुणाला किती द्यायचा, हे तिनं कुणालाही विचारलं नाही.